वाक्यातला कर्ता कुठे गेला?

‘सिस्टीम घेत नाही.’ बँकेत, विमा कंपनीत, वीजबिलाच्या खिडकीवर हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. पलीकडचा माणूस उद्धट असतोच असं नाही, बरेचदा तोही आपल्याइतकाच हवालदिल झालेला असतो. तुमची अडचण त्याला समजलेली असते, तिच्यावर काय करायला हवं हेही ठाऊक असतं. पण समोरच्या पडद्यावर त्यासाठी बटणच नसतं. आता ही सिस्टीम म्हणजे कोण? ती काही आकाशातून पडलेली नाही. त्या कचेरीचं काम कसं चालतं ते कुणीतरी कधीतरी लिहून काढलं. त्या लिखाणावरून कुणीतरी एक आकृती काढली आणि आकृतीवरून संगणकाचा प्रोग्राम तयार झाला. लिखाणात जे राहून गेलं ते आकृतीत आलं नाही आणि आकृतीत जे आलं नाही ते पडद्यावरही आलं नाही. आज मी बोलणार आहे ते लिखाणापासून आकृतीपर्यंतच्या या प्रवासाबद्दल, आणि हा प्रवास यंत्राकडून करून घेण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांच्याबद्दल.

माझा व्यवसायच अशा आकृत्या काढण्याचा आहे. इंग्रजीत त्याला ‘बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग’ असं भारदस्त नाव आहे. आपण त्याला साधं ‘कामकाजाचा आराखडा’ म्हणू. घर बांधण्याआधी जसा नकाशा काढतात, तसा कामाचा नकाशा काढायचा. काम कुठून सुरू होतं, कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर जातं, कुठे वाट फुटते, कुठे थांबावं लागतं आणि कुठे संपतं, हे चित्रानं दाखवायचं. ही कल्पना काही संगणकाच्या काळातली नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले होते. पुढे प्रत्येक कंपनीची, प्रत्येक सल्लागाराची चिन्हं निराळी झाली. एकाचं चित्र दुसऱ्याला वाचता येईना. मग २००४ मध्ये ‘बीपीएमएन’ नावाची सामायिक चिन्हलिपी प्रसिद्ध झाली, २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओचा आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

ही लिपी शिकायला अवघड नाही. सुरुवातीला एक वर्तुळ, शेवटाला जाड कडेचं वर्तुळ. मध्ये गोलसर कोपऱ्यांचे चौकोन, एकेक चौकोन म्हणजे एकेक काम. निर्णय घ्यायचा असेल तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट. शंकरपाळ्यात फुली असली तर अनेक वाटांपैकी एकच वाट घ्यायची, अधिकचं चिन्ह असलं तर सगळ्या वाटांवर एकदम काम सुरू करायचं. वाट पाहायची असेल तिथे घड्याळ. आणि पोहण्याच्या स्पर्धेत तलावात दोऱ्या लावून पट्टे आखतात ना, तसे आडवे पट्टे. एक पट्टा हिशेबनिसाचा, एक भांडारपालाचा, एक व्यवस्थापकाचा. चौकोन ज्याच्या पट्ट्यात पडला, त्याचं ते काम. ही पट्ट्यांची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आता प्रश्न असा की चित्र काढायला माहिती येते कुठून? ती येते भाषेतून. नियमपुस्तिका, परिपत्रकं, कामाच्या सूचना, ई-मेल आणि माणसांच्या तोंडी मुलाखती. कागदांचा ढीग वाचायचा, वाक्यावाक्याला थांबायचं आणि चौकोन काढत जायचं. मोठ्या कंपनीत अशा शेकडो प्रक्रिया असतात. आकृती काढून होईपर्यंत नियम बदललेला असतो. साहजिकच अभ्यासकांच्या मनात आलं, की हे वाचायचं काम संगणकाला का देऊ नये? माणसाच्या बोलण्या-लिहिण्याच्या भाषेवर संगणकानं काम करण्याचं एक मोठं शास्त्र आहे. ‘नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग’ हे त्याचं नाव. भाषांतर, शुद्धलेखन तपासणी, बोललेलं लिहून घेणं ही सगळी त्याचीच कामं. त्याच शास्त्राला कामकाजाच्या आराखड्यांना जुंपायचं, असं ठरलं.

संगणक हे कसं करतो ते समजून घ्यायला शाळेतलं व्याकरण पुरेसं आहे. एक वाक्य घेऊ: ‘भांडारपाल सुट्या भागांची यादी तपासतो.’ यातलं क्रियापद म्हणजे काम, त्याचा चौकोन झाला. ‘भांडारपाल’ हा कर्ता, म्हणून चौकोन त्याच्या पट्ट्यात गेला. ‘यादी’ हे कर्म, म्हणजे ज्या कागदावर काम होतं तो कागद. वाक्यात ‘जर-तर’ आलं की शंकरपाळा. ‘दरम्यान’ आलं की दोन वाटा एकदम. ‘तीन दिवसांत’ आलं की घड्याळ. ‘व्यवस्थापकाकडे पाठवतो’ असं आलं की एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाणारा बाण. म्हणजे प्रत्येक वाक्यात कोण, काय, कशावर, कुणाला, कधी आणि कोणत्या अटीवर, एवढं शोधायचं.

हे ऐकताना आपल्याला कारकांची आठवण झाली असेल. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. क्रियेशी प्रत्येक शब्दाचं नातं काय, हे पाहण्याची ही रीत पाणिनीच्या अष्टाध्यायीतली. ही रीत आजच्या संगणकालाही उपयोगी पडते, हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. अक्षर भारती गट, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांचं पाणिनीय दृष्टीतून संगणकीय भाषाशास्त्र मांडणारं पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. आयआयटी कानपूरला झालेल्या कामातून ते उभं राहिलं. भारतीय भाषांत शब्दांचा क्रम मागेपुढे झाला तरी अर्थ बिघडत नाही, कारण नातं प्रत्ययातून कळतं. अशा भाषांना कारकांची चौकट इंग्रजी पद्धतीच्या क्रमवार विश्लेषणापेक्षा जवळची वाटते, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर कारकं सापडली की निम्मी आकृती झाली.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे येऊ. फाबियान फ्रीडरिश, यान मेंडलिंग आणि फ्रँक पूलमान या बर्लिनच्या मंडळींनी २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेला वाक्याची फोड करणारा प्रोग्राम घेतला. शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसातली नाती सांगणारे वर्डनेट आणि फ्रेमनेट हे दोन मोठे शब्दसंग्रह त्याला जोडले आणि इंग्रजी मजकुरातून थेट बीपीएमएन आकृती काढून दाखवली. उद्योगांतून आणि पाठ्यपुस्तकांतून घेतलेल्या ४७ वर्णनांवर त्यांनी ही पद्धत तपासली. प्रत्येक वर्णनाची माणसानं काढलेली आकृती शेजारी ठेवून तुलना केली. सरासरीनं ७७ टक्के आराखडा यंत्रानं बरोबर काढला होता. त्या काळाच्या मानानं ही मोठी मजल होती. पण ७७ टक्के बरोबर नकाशा घेऊन तुम्ही परक्या गावात हिंडायला निघालात तर काय होईल, याचा विचार करा. एक बाण चुकला तर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन बसतो.

यंत्र अडतं कुठे? या विषयाच्या अभ्यासकांमध्ये एका सायकल कारखान्याचं लहानसं वर्णन प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे सायकल बनवून देणारा हा छोटा कारखाना. त्याचं वर्णन मी माझ्या शब्दांत सांगतो. मागणी आली की विक्री विभाग ती स्वीकारतो किंवा नाकारतो. नाकारली तर काम संपलं. स्वीकारली तर भांडार आणि अभियांत्रिकी या दोन्ही विभागांना कळवलं जातं. भांडारवाले यादीतला एकेक भाग पाहतात. असला तर राखून ठेवतात, नसला तर बाहेरून मागवण्याची नोंद करतात, आणि यादीतल्या प्रत्येक भागासाठी हेच पुन्हा होतं. दरम्यान अभियांत्रिकी विभाग जोडणीची तयारी करतो. सगळे भाग राखले गेले किंवा मागवण्याची नोंद झाली, आणि तयारीही झाली, की सायकल जोडली जाते. मग विक्री विभाग ती गिऱ्हाइकाकडे पाठवतो.

वाचायला किती सोपं! दहावीचा मुलगाही याचं चित्र काढील. यंत्राला मात्र इथे पावलोपावली ठेच लागते. ‘असला तर’ म्हणजे कोण असला तर? मागच्या वाक्यातला भाग, यादी नव्हे. ‘हेच पुन्हा होतं’ म्हणजे नेमकं काय, फक्त मागवणं की तपासण्यापासून सगळं? ‘दरम्यान’ म्हणजे कशाच्या दरम्यान, कुठून कुठपर्यंत? ‘नाकारली तर, स्वीकारली तर’ हे दोन वाक्यांत विभागलेलं असलं तरी शंकरपाळा एकच. माणूस हे सगळं नकळत जुळवतो. यंत्राला प्रत्येक जोडणी शिकवावी लागते.

पण ही झाली यंत्राची अडचण. मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हे वर्णन अक्षरशः घेतलं तर काय होतं पाहा. भाग मागवण्याची नोंद झाली, एवढं झालं की जोडणी सुरू करायची. भाग हातात आल्यावर, असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे चाक यायचंय आणि सायकल जोडायला घेतली! आपण वाचताना ही फट मनातल्या मनात बुजवतो, कारण चाकाशिवाय सायकल होत नाही हे आपल्याला माहीत असतं. दुसरी फट त्याहून बोलकी आहे. मागणी नाकारली तर काम संपलं. गिऱ्हाइकाला कोण कळवणार? कुणीच नाही. तसं वाक्यच नाही. या वर्णनावरून कुणी इमानेइतबारे सॉफ्टवेअर तयार केलं, तर नाकारलेल्या गिऱ्हाइकाला पत्र जाणार नाही आणि तो बिचारा फोन करत बसेल. फोनवरचा माणूस त्याला काय सांगेल ते आपण सुरुवातीलाच ऐकलं आहे.

इंग्रजी वर्णनाची ही कथा, तर आपल्या मराठीचं काय? राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. राज्याचे शासन निर्णय मराठीत निघतात, सहकारी संस्थांचं कामकाज मराठीत चालतं, असंख्य कारखान्यांत सूचनाफलक मराठीत लागतात. म्हणजे प्रक्रियांची वर्णनं मराठीत भरपूर आहेत. आपल्या भाषेची या कामातली बलस्थानं आहेत आणि खाचखळगेही आहेत.

बलस्थान आधी सांगतो. इंग्रजीत नाम आणि क्रियापद पुष्कळदा एकाच रूपात असतात. ‘प्लॅन डेटा ट्रान्सफर’ असं चौकोनात लिहिलं तर अर्थ काय? माहिती हलवण्याची योजना करा, की योजनेची माहिती हलवा? दोन्ही लागू पडतात. अभ्यासकांनी हे नेहमीचं उदाहरण करून ठेवलं आहे. मेंडलिंग, रायर्स आणि व्हान डेर आल्स्ट यांनी २०१० मध्ये आकृती काढणाऱ्यांसाठी सात नियम सांगितले. त्यातला एक असा की चौकोनात नेहमी क्रियापद आणि त्याचं कर्म लिहा. दुसरा असा की चिन्हांची संख्या ५० च्या वर गेली तर आकृतीचे तुकडे करा. मराठीत ‘योजना’ आणि ‘आखा’ यांत गल्लत होत नाही. ‘अर्ज तपासा’ म्हटलं की विषय संपला.

मराठीचं दुसरं बलस्थान म्हणजे क्रियापदाची छोटी रूपं. ‘पैसे भरल्यावर पावती द्यावी’ यात क्रम आपोआप आला. ‘माल उतरत असताना वजन करावं’ यात दोन्ही कामं एकदम आली. पण इथेच खड्डाही आहे. ‘अर्ज तपासून पाठवावा’ यात कामं दोन: आधी तपासणं, मग पाठवणं. ‘फोन करून कळवावं’ यात काम एकच: कळवणं, आणि फोन हे त्याचं साधन. दोन्हीकडे ‘ऊन’ हा एकच प्रत्यय. चौकोन किती काढायचे हे प्रत्ययावरून कळत नाही, जगाची माहिती लागते. ‘किंवा’चंही तसंच. ‘आधार कार्ड किंवा शिधापत्रिका जोडावी’ म्हटलं, आणि एखाद्यानं दोन्ही जोडली तर अर्ज बाद करायचा का? माणूस नाही करणार. फुलीचा शंकरपाळा घातलेलं सॉफ्टवेअर करू शकतं.

आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे कर्ता गायब करण्याची आपली कचेरीची मराठी. नमुना म्हणून मीच रचलेलं एक वाक्य ऐका. ‘अर्ज प्राप्त झाल्यावर त्याची छाननी करून तो पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर करण्यात यावा.’ व्याकरण चोख, भाषा भारदस्त. आता या वाक्याचं चित्र काढा पाहू. छाननी कोण करणार? सादर कुणाला करायचा? योग्य कार्यवाही कोणती, आणि ती योग्य आहे हे कुणी ठरवायचं? किती दिवसांत? छाननीत चूक निघाली तर अर्ज परत जायचा की तिथेच पडून राहायचा? एका वाक्यात पाच प्रश्न. चौकोन काढता येतो, पण तो कुठल्या पट्ट्यात ठेवायचा ते कळत नाही. ज्या चौकोनाला पट्टा नाही, ते काम कुणाचंच नाही. अर्ज ‘विचाराधीन’ राहतो तो बहुधा अशाच चौकोनात.

मराठीत कर्ता लपवावाच लागतो असं मुळीच नाही. ‘कारकुनानं अर्ज तपासला’ हा कर्मणी प्रयोगच आहे, तरी कर्ता तृतीया घेऊन समोर उभा आहे. ‘तपासला जातो’, ‘तपासण्यात येतो’ या वळणांनी तो निसटतो. ही सवयीची गोष्ट आहे, भाषेच्या स्वभावाची नव्हे. त्याची उलट बाजूही आपल्याकडेच दिसते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसमोर पदनिर्देशित अधिकारी कोण, मुदत किती, आणि पहिलं व दुसरं अपील कुणाकडे, हे जाहीर करावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कायद्यानं प्रत्येक चौकोनाला पट्टा आणि घड्याळ सक्तीचं केलं.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाही या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. माहिती ३० दिवसांत द्यायची. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा. जादा शुल्क भरायला सांगितलं असेल, तर ते कळवल्यापासून अर्जदारानं पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजायचे नाहीत. म्हणजे इथे घड्याळ थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. आणि सर्वांत चांगली तरतूद अशी की मुदतीत निर्णयच दिला नाही, तर तो नकार मानला जातो आणि अपिलाची वाट उघडते. काहीच न घडणं हीसुद्धा एक घटना आहे, हे या कायद्यानं ओळखलं. वाक्यातली क्रियापदं शोधणाऱ्या यंत्राला ही न घडलेली गोष्ट पकडणं किती अवघड जात असेल, याची कल्पना करा. पण अर्जदाराच्या दृष्टीनं सगळ्या आकृतीतलं सर्वांत मोलाचं चिन्ह तेच आहे.

यंत्राचा उपयोग फक्त मजकुरातून चित्र काढण्यापुरता नाही. उलट दिशेनंही काम झालं आहे. हेन्रिक लिओपोल्ड, मेंडलिंग आणि आर्तेम पोलिव्यानी यांनी २०१२ मध्ये आकृतीवरून साधा इंग्रजी मजकूर तयार करण्याची पद्धत मांडली. याचं महत्त्व मला प्रत्यक्ष कामात पटतं. चिन्हांनी भरलेला मोठा कागद भिंतीवर लावला की साहेब लोक मान डोलावतात. ज्याच्या कामाची ती आकृती असते, तो भांडारातला माणूस गप्प उभा राहतो. तीच आकृती त्याला वाक्यावाक्यानं वाचून दाखवली की तो तोंड उघडतो. अशाच एका बैठकीत एक वयस्कर भांडारपाल मला म्हणाले होते, ‘साहेब, लिहिलंय ते बरोबर आहे, पण तसं करत बसलो तर संध्याकाळपर्यंत गाडी निघायची नाही.’ मग ते प्रत्यक्षात काय करतात ते त्यांनी सांगितलं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. कागद कितीही हुशारीनं वाचला तरी कागदावर नसलेलं त्यातून कसं निघणार?

तिसरा उपयोग तुलनेचा. बऱ्याच कंपन्यांत एकाच प्रक्रियेची आकृतीही असते आणि लेखी वर्णनही. एक बदलतं, दुसरं तसंच राहतं. हान व्हान डेर आ, लिओपोल्ड आणि हायो रायर्स यांनी २०१५ मध्ये ही दोन्ही शेजारी ठेवून विसंगती आपोआप शोधण्याची पद्धत दाखवली. त्यांनीच पुढच्या वर्षी आणखी एक शहाणपणाची गोष्ट मांडली. मजकूर संदिग्ध असेल तर यंत्रानं एकच अर्थ निवडू नये, सगळे शक्य अर्थ धरून ठेवावेत. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याला एखादी गोष्ट दोन प्रकारे समजली तर आपण विचारतो, ‘अहो, म्हणजे नक्की कसं?’ तेवढी नम्रता यंत्राला शिकवण्याचा हा प्रयत्न होता.

आणि मग आली मोठी भाषा-प्रारूपं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं आणि चित्र पालटलं. आता व्याकरणाचे नियम एकेक करून शिकवायची गरज उरली नाही. पानभर वर्णन द्या, आकृती हजर. ‘दरम्यान’, ‘हेच पुन्हा’, ‘असला तर’ या जुन्या ठेचा ही यंत्रं बऱ्याच सफाईनं चुकवतात. मराठी वर्णनही ती घेतात. विल व्हान डेर आल्स्ट यांच्या जर्मनीतल्या गटानं २०२४ मध्ये ‘प्रोमोएआय’ हे साधन मांडलं. त्यात भाषा-प्रारूप थेट आकृती काढत नाही. आधी एका मधल्या, काटेकोर भाषेत प्रक्रिया लिहितं. त्यामुळे तयार होणारी आकृती रचनेनं निर्दोष राहते, म्हणजे काम मध्येच अडकून पडेल अशी वाट तिच्यात राहत नाही. आकृती पटली नाही तर साध्या शब्दांत सांगून ती सुधारूनही घेता येते.

पण रचनेनं निर्दोष असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. जुनं यंत्र अडखळायचं, तेव्हा त्याचं अडखळणं दिसायचं. नवं यंत्र अडखळत नाही. वाक्यात कर्ता नसेल तर ते हळूच एक घालून टाकतं. मंजुरी कोण देतं हे लिहिलेलं नसेल, तर जगभरच्या हजारो कंपन्यांत जशी पद्धत असते तसा ‘व्यवस्थापक’ आणून बसवतं. आकृती इतकी नीटनेटकी दिसते की कुणाला शंकाच येत नाही. सायकलच्या कारखान्यात गिऱ्हाइकाला नकार कळवण्याचा चौकोन ते आपणहून घालीलही, आणि तो योग्यही असेल. पण ते कळवायचं काम विक्री विभागाचं की हिशेबाचं, पत्रानं की फोननं, आगाऊ रक्कम परत कशी करायची, हे त्या कारखान्यानं ठरवलेलंच नाही. ते ठरवायचं राहून गेलं आहे हे आधी सगळ्यांना दिसायचं, आता झाकलं जातं. लिखाणातली फट निदान फट म्हणून दिसते. सफाईनं बुजवलेली फट प्रोग्राममध्ये उतरते, आणि तिचा पत्ता लागतो तो खिडकीपुढे रांग लागल्यावर.

म्हणून मी माझ्या कामात या यंत्रांना चित्र काढायला सांगण्याआधी प्रश्न काढायला सांगतो. हा मजकूर वाच, आणि कुठल्या कामाला कर्ता नाही, कुठल्या कामाला मुदत नाही, कुठल्या ‘जर’ला ‘नाहीतर’ नाही, याची यादी दे. या कामात यंत्र पटाईत आहे. दोनशे पानांच्या पुस्तिकेत मी दुपारनंतर डुलक्या काढीन, ते काढत नाही. मग ती यादी घेऊन मी काम करणाऱ्या माणसांकडे जातो. आकृती काढून झाली की प्रत्येक चौकोनाला तो मजकुरातल्या कोणत्या वाक्यावरून आला, त्या वाक्याचा क्रमांक जोडून मागतो. ज्या चौकोनाला वाक्य सापडत नाही, तो यंत्राच्या पदरचा. त्याला लाल रंग देतो आणि कुणीतरी अधिकारानं ‘हो’ म्हणेपर्यंत तो लालच ठेवतो. शेवटी आकृतीचं पुन्हा साध्या मराठीत वर्णन करून घेतो आणि ते भांडारात, हिशेबात, खिडकीवर वाचून दाखवतो. यात वेळ जातो. पण तो वेळ आधी कागद वाचण्यात जायचा, आता माणसांशी बोलण्यात जातो. यंत्रानं माझे तास वाचवले असतील तर ते इथेच खर्च व्हायला हवेत, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? आम्ही काही आकृत्या काढत नाही. पण सूचना आपण सगळेच लिहितो. गृहनिर्माण संस्थेचा फलक असेल, शाळेच्या सहलीचं पत्रक असेल, गणेशोत्सव मंडळाच्या कामांची वाटणी असेल, दुकानातल्या नव्या मुलाला द्यायच्या सूचना असतील. ‘पाण्याची टाकी दर महिन्याला स्वच्छ करण्यात यावी’ असं लिहिलं की टाकी कुणी धुवायची हे कुणालाच कळत नाही, आणि ती धुतली जात नाही. ‘सचिव पहिल्या रविवारी टाकी धुवून घेतील, न जमल्यास खजिनदार घेतील’ असं लिहिलं की वाद संपला. या वाक्याचं चित्र शाळकरी पोरही काढील आणि यंत्रही बरोबर काढील.

यंत्रं दिवसेंदिवस हुशार होत जाणार आहेत. आपण लिहिलेलं ती अधिकाधिक चांगलं वाचतील. पण अमुक काम कुणाचं हे ठरवणं म्हणजे कुणावर तरी जबाबदारी टाकणं. ते वाचून होत नाही, एकत्र बसून ठरवावं लागतं, आणि ठरल्यावर त्या माणसाचं पद वाक्यात लिहावं लागतं. कर्ता वाक्यात असला की तो आकृतीत येतो, आकृतीतून पडद्यावर येतो, आणि मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुणाला विचारायचं ते कळतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)